एकशे त्रेसष्ट चिठ्ठ्या

३ फेब्रुवारी

बेबी,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहिण्याची पद्धत आहे. ते या वेळी राखून ठेवतो. पत्र संपेपर्यंत शिल्लक राहिले तर शेवटी लिहीन.

तुझे पाकीट मिळाले. आत माहितीपुस्तिकेची छपाईपूर्व प्रत, एक प्रमाणपत्र आणि चतकोर कागदावर तुझा मजकूर: ‘दादा, सही करून लगेच पाठव. छपाई अडली आहे.’ तीन वर्षांनी आलेल्या पाकिटात ‘कसा आहेस’ हे दोन शब्द घालायला त्या चतकोरावर जागा होती. मी मोजून पाहिली.

पुस्तिका वाचली. एकोणीस देशांतले एकतीस लेखक आणि कलावंत ‘सांभाळणारी माणसे’ या विषयावर काही करून दाखवणार आहेत, म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना कोण सांभाळते हा आजच्या काळाचा प्रश्न आहे, वगैरे ठीक आहे. प्रश्न आहेच. पण पान बेचाळीसवर तुझ्या कलाकृतीविषयी जे छापले आहे त्याला काय म्हणावे? आई ‘एका लहानशा अंधाऱ्या घरात’ राहत होती. या घराला सात खिडक्या आहेत; तू त्यांपैकी दोन लहानपणी फोडल्या आहेस. भिंतींवर ‘सुमारे दोनशे’ चिठ्ठ्या होत्या. एकशे त्रेसष्ट होत्या. आई शेवटची वर्षे ‘एकटी’ होती, असे संयोजकबाईंनी दोनदा लिहिले आहे. मग शेजारच्या खोलीत अकरा वर्षे कोण राहत होते, याचा त्यांच्याकडेच तपास करून मला कळव.

आणि हे वाक्य: ‘विस्मृतीत बुडत चाललेल्या एका स्त्रीने स्वतःला वाचवण्यासाठी स्वतःच्या अक्षरात आपले घर लिहून काढले, अखेरपर्यंत तिचा हात कापला नाही, हा इच्छाशक्तीचा विजय होय.’

या वाक्यावर मी आज काही लिहीत नाही.

प्रमाणपत्राविषयी. ‘आम्ही दोघे वारस प्रमाणित करतो की सदर सर्व लेखन आमच्या दिवंगत आईने स्वहस्ते केलेले आहे.’ यातला ‘स्वहस्ते’ हा शब्द काढावा. उरलेल्या मजकुरावर मी त्याच दिवशी सही करतो. दहा मार्चपर्यंत दोघांच्या सह्या पोचल्या नाहीत तर तुझी कलाकृती वगळली जाईल, हे मी वाचले आहे. म्हणूनच लगेच लिहितो आहे. कारण विचारू नये.

जाता जाता एक. चिठ्ठ्या ‘कुटुंबाने जपून ठेवल्या होत्या’ असेही छापले आहे. त्या तू भिंतींवरून काढल्यास त्या दुपारी मी आईच्या मृत्यूचा दाखला आणायला रांगेत उभा होतो. परत आलो तेव्हा भिंतींवर गोंदाचे डाग होते आणि तू बुटांचे खोके मांडीवर घेऊन टॅक्सीत बसली होतीस. ‘जपून’ हा शब्दही तपासून घ्यावा.

दादा

१२ फेब्रुवारी

बेबी,

काल तू फोन केलास. मला फोनवर बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे, तरी केलास. त्यामुळे जे बोलायचे राहिले ते लिहितो.

तू म्हणालीस, “दादा, सही मागितली आहे, किडनी नाही मागितली.” विनोद बरा होता. मी हसलो नाही, कारण तू लगेच पुढे म्हणालीस, “तीस वर्षं लोकांच्या सह्या तपासून तपासून तुला स्वतःची सही करायचीच भीती बसलीय.” हे खरे नाही. बँकेत सही पडताळणीच्या टेबलावर बसणारा माणूस स्वतःची सही दिवसाला शंभरदा करतो. भीती असते ती एकाच गोष्टीची: ज्यावर सही केली ते खरे नसण्याची.

“मग काय खरं नाही त्यात?” तू विचारलेस.

मी म्हणालो, “दारात कोणीतरी आलंय.” आणि फोन ठेवला. दारात कोणीही नव्हते. हे कबूल करून टाकतो.

संयोजकबाईंचाही मेल आला. चार ओळींत तीन ठिकाणी ‘आपल्या भावनांचा आदर करून’. माझ्या भावना त्यांना कुठून कळल्या, ते लिहिलेले नाही. मी उत्तरात फक्त खिडक्यांची संख्या कळवली.

राग शांत व्हावा म्हणून पुस्तिकेतल्या बाकीच्या कलाकृती वाचायला घेतल्या. शांत झाला नाही. एका शिल्पकाराने चाळीस किटल्या एकावर एक रचल्या आहेत आणि त्याला तो ‘थकवा’ म्हणतो. ज्याने खरोखर आजारी माणसाचे केले आहे त्याच्या घरात एक किटली असते आणि तिचे झाकण हरवलेले असते. एका कवीने रुग्णालयाच्या अर्जांवरच कविता लिहिल्या आहेत. अर्ज उलटे छापले गेले आहेत, की ते तसेच अभिप्रेत आहे, हे कळायला मार्ग नाही. पण पान एकोणीसवर एका परिचारिकेची दोन पाने आहेत. स्वतःची आई गावी ठेवून ती दूरच्या देशात दुसऱ्या कोणाच्या आईचे केस विंचरायला जाते. रोज सकाळी काय उचलले, काय धुतले, कोणाला काय खोटे सांगितले, एवढेच लिहिले आहे. एकही विशेषण नाही. ती दोन पाने मी पुन्हा वाचली. अशा लोकांना बोलावले असेल तर संयोजकबाईंविषयी माझे मत थोडे बदलायला मी तयार आहे. थोडेच.

आता त्या प्रश्नाच्या जरा आधी तू जे बोललीस ते. तुझ्या म्हणण्याप्रमाणे एकशे बासष्ट चिठ्ठ्या तीन भिंतींवर लागतील आणि चौथ्या भिंतीवर एकच. ‘बेबीचा फोन येत नाही. तिला काम असते. रागावू नये.’ तू म्हणालीस, “या एका चिठ्ठीवर मी तीन वर्षं काढली, दादा. मी शेवटच्या चार वर्षांत एकदाही आले नाही. तरी आईनं स्वतःच्या हातानं हे लिहून ठेवलं. तुला कळतंय का, माझ्यासाठी ते काय आहे?”

मला कळते. दारात कोणीतरी आले ते त्याच वेळी.

आईच्या खासगी गोष्टी परक्यांना दाखवू नयेत, असे मी फोनवर कारण दिले होते. ते कारण चांगले आहे; माझे ते नाही. प्रमाणपत्र परत पाठवत नाही. थोडा वेळ दे.

दादा

१९ फेब्रुवारी

बेबी,

हे पत्र तीनदा लिहिले. बसून, एका दमात वाच. मध्येच फोन करू नकोस.

चिठ्ठ्या आईने लिहिलेल्या नाहीत. मी लिहिल्या आहेत.

आता सविस्तर. आईचे विसरणे वाढले त्या वर्षी मी घरभर सूचना लावल्या होत्या. ठसठशीत अक्षरात, एका मापाच्या कागदावर, डोळ्यांच्या उंचीवर. गॅस, नळ, गोळ्या, दाराची कडी. दोन दिवसांत आईने सगळ्या फाडल्या. “हा कोण शहाणा?” ती मला माझ्याच तोंडावर विचारायची. “माझ्या घरात नोटिसा लावतो. ऑफिस आहे का हे?” मी पुन्हा लावल्या. तिने पुन्हा फाडल्या, आणि एक माझ्या पाठीवर चिकटवली. मी ती तशीच घेऊन बँकेत गेलो. ‘वापरानंतर बंद करावे’ अशी सूचना होती. दुपारपर्यंत कोणी सांगितले नाही.

दिवसभर आईजवळ असणाऱ्या मावशी तुला आठवत असतील. आई गेल्यावर तू आलीस तेव्हा त्यांनी तुला ओळखले नव्हते. त्यांच्या एक लक्षात आले. शिवणाच्या कपाटात आतून आईची जुनी यादी चिकटवलेली होती, ती शिवणवर्ग घ्यायची तेव्हा मुलींसाठी केलेली: कात्र्या कुठे, टेप कुठे, ‘सुया मोजून ठेवाव्या’. ती यादी आई रोज वाचायची आणि रोज सुया मोजायची. मावशी म्हणाल्या, “साहेब, त्यांना त्यांचंच पटतं. तुमचं पटत नाही. माझं तर नाहीच नाही.”

मी खोटी अक्षरे पकडण्याचा पगार घेतो. खोटे अक्षर कसे सापडते हे ज्याला कळते, त्याला ते कसे करावे हेही कळते; फक्त कोणी विचारलेले नसते. आईची जुनी पत्रे काढली. ती आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावे तशी अक्षरे रेघेला टांगायची. आपण सगळे उलटे करतो. मला या एका सवयीला तीन आठवडे लागले. जेवणाच्या सुट्टीत टेबलावर गिरवत बसायचो. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, “साहेब, कुणाची सही उचलताय? आम्हालाही शिकवा, निवृत्तीनंतर उपयोगी पडेल.”

पहिली चिठ्ठी गॅसजवळ लावली. ‘गॅस बंद केला का? पुन्हा बघावे.’ आईने ती वाचली, बटण फिरवून पाहिले, आणि मावशींना म्हणाली, “बरं झालं लिहून ठेवलं ते मी.” त्यानंतर एकही चिठ्ठी फाटली नाही. ‘दुपारची गोळी. घेतली असल्यास पुन्हा घेऊ नये.’ ‘आरशातली बाई ओळखीची आहे. घाबरू नये.’ ‘इथे राहणारा माणूस मुलगा आहे. त्याला चहा विचारावा.’ त्या चिठ्ठीमुळे मला अकरा वर्षांत किती वेळा चहा विचारला गेला, याची गणती नाही. करणारा मीच होतो.

तुमच्या समीक्षकांना सांग: अखेरपर्यंत हात कापला नाही, कारण हात माझा होता. तिचा खरा हात शेवटच्या दोन वर्षांत इतका कापायचा की पेन धरवत नव्हते. मी आधी घेतलेले वळण तसेच चालू ठेवले. व्यावसायिकदृष्ट्या ही ढोबळ चूक आहे. खरे अक्षर माणसाबरोबर म्हातारे होते. आमच्याकडे कोणी असा कागद आणला असता तर मी तो पहिल्या नजरेत बाजूला काढला असता. भिंगाखाली बघ, जोडाक्षरांच्या मधोमध पेन उचललेले दिसेल.

तेव्हाच का सांगितले नाही, हे तू विचारशील. तू विचारले असतेस तर सांगितले असते. तू खोके घेऊन टॅक्सीत बसलीस. मी रस्त्यावर उभा राहून ‘अगं, ते अक्षर माझं आहे’ असे ओरडणार होतो का? आणि खरे सांगायचे तर, तुझ्या कधीतरी लक्षात येईल याची मी वाट बघत होतो. आईचे अक्षर तुझ्या लक्षात असेल असे मी धरून चाललो होतो. तीन वर्षे मी याच गोष्टीवर रागावलेला आहे.

म्हणून ‘स्वहस्ते’वर सही होणार नाही.

दादा

२७ फेब्रुवारी

बेबी,

आठ दिवसांनी तुझा निरोप आला. तीन शब्द. ‘चौथ्या भिंतीवरचीसुद्धा का?’

मागच्या पत्रात त्या चिठ्ठीचा मी मुद्दाम उल्लेख टाळला होता. तू विचारणार नाहीस अशी आशा नव्हती. पण एक पत्र पुढे ढकलले.

होय. तीसुद्धा.

तू कामावर नवी रुजू झालीस आणि फोन थांबले, ते वर्ष. आई दुपारी फोनजवळ खुर्ची ओढून बसायची. “बेबीचा फोन आला का?” मी नाही म्हणालो की दहा मिनिटांनी तेच. ती विसरायची सगळे, हे एक विसरायची नाही. एक दिवस मावशींनी सांगितले की बाहेर गेली असेल, तर आई भडकली. “बाहेर म्हणजे कुठं? मेली का ती? आई आहे म्हणावं तिला अजून.” फोन ओढून तिने जमिनीवर टाकला. मग दोन घासही जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी तिची नाडी बघायला डॉक्टरांना बोलवावे लागले.

त्या दिवशी मी तुला आधी फोन लावला होता. तू बैठकीत होतीस. तुझ्या सहकाऱ्याने निरोप घेतला. तो तुझ्यापर्यंत पोचला की नाही हे मी कधी विचारले नाही, कारण दोन्ही उत्तरे मला आवडली नसती.

मग बसलो आणि लिहिले. माझ्या मनात त्या वेळी तुझ्याविषयी जे होते ते कागदावर आले असते तर आईच्या अक्षरातही शोभले नसते. ‘तिला काम असते’ हे लिहिताना पेन दोनदा अडले. ‘रागावू नये’ ही सूचना आईसाठी होती. माझ्यासाठी नव्हती. हे स्पष्ट असावे.

फोनच्या वर लावली. आईने वाचली, पुन्हा वाचली, मान हलवली. “बरोबर आहे,” म्हणाली. “कामं असतात मुलांना.” त्यानंतर खुर्ची फोनजवळच राहिली, पण आरडाओरडा थांबला. मावशींना ती बोट ठेवून वाचून दाखवायची. कोणी भेटायला आले की त्यांनाही. महिन्याभरात पाठ झाली. कागदाकडे न बघता म्हणायला लागली, आणि एरवी तिला तीन वाक्ये सलग जमत नव्हती.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरे होते. पण तू विचारले आहेस, तेव्हा पूर्ण लिहितो.

तुझ्या वाढदिवशी, दुपारी, मावशी आणि मी स्वयंपाकघरात बोलत होतो. मी तुझ्याविषयी काही बोललो. काय, ते लिहीत नाही. आवाज चढला असावा. आई दारात येऊन उभी राहिली. मला ती त्या दिवशी मुलगा म्हणून ओळखत नव्हती, कोणीतरी घरी राहणारा माणूस एवढेच. तिने मला मनगटाला धरून फोनपाशी नेले आणि चिठ्ठीवर बोट ठेवले.

“वाच,” म्हणाली.

मी म्हणालो, “वाचलंय, आई.”

“मग रागावतोस कशाला? इतकं लिहून ठेवलंय मी. लोक वाचतच नाहीत. मोठ्यानं वाच.”

मी मोठ्याने वाचले. तिन्ही वाक्ये. तिने मध्ये एका ठिकाणी थांबवून नीट वाचायला लावले. मावशी ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. हसत होत्या की काय ते मला दिसले नाही.

तेव्हा तू जे विचारलेस त्याचे उत्तर असे: अक्षर माझे, वाक्ये माझी, आणि लिहिताना माफ करण्याचा माझा विचार नव्हता. पण आईने ती रोज स्वतःची म्हणून वाचली आणि माझ्याकडून पाळून घेतली. याला काय म्हणायचे ते मला ठरवता येत नाही. आमच्या टेबलावर असा कागद कधी आलेला नाही.

दादा

७ मार्च

बेबी,

तू परवा फोनवर रडलीस आणि मग ओरडलीस. “तू मला आईचं एक वाक्यसुद्धा ठेवलं नाहीस,” म्हणालीस. मी दाराचे कारण न सांगता पूर्ण ऐकले, एवढी नोंद व्हावी. “अकरा वर्षं तू केलंस, ते कबूल. पण ते मला सांगायला तुला छपाईची तारीख लागली.” हे वाक्य मी लिहून घेतले आहे.

दरम्यान तू संयोजकबाईंना खरे सांगितलेस, आणि त्यांना आनंद झाला. याची मला कल्पना असायला हवी होती. त्यांचा मेल आला आहे: ‘हे तर पूर्वीपेक्षा कितीतरी प्रभावी आहे.’ मी माझा ‘प्रवास’ दोन हजार शब्दांत लिहावा आणि उद्घाटनाला पाहुण्यांसमोर आईचे अक्षर काढून दाखवावे, असे त्यांनी सुचवले आहे. मी सर्कशीत नाही, असे सभ्य भाषेत कळवले आहे. खिडक्या सात, हेही पुन्हा कळवले; नव्या प्रतीत सहा झाल्या आहेत.

तू मात्र कलाकृती मागे घेतली नाहीस. पान बेचाळीसवरचा सगळा मजकूर काढून तू स्वतः दोन ओळी लिहिल्यास आणि तपासायला पाठवल्यास. ‘आई ज्या घरात विसरत गेली, त्या घरात दादा राहत होता. तिला स्वतःचेच अक्षर पटायचे, म्हणून तो ते शिकला.’ प्रमाणपत्रातही ‘मोठ्या मुलाने, आईच्या अक्षरात’ असा बदल तू करून घेतला आहेस.

मजकूर चार वेळा तपासला. ‘दादा’ऐवजी नाव घालावे, असे संयोजकबाईंचे म्हणणे दिसते, त्याची गरज नाही. दुसरी दुरुस्ती सापडली नाही. याचा मला थोडा त्रासच झाला. प्रमाणपत्र सही करून सोबत जोडले आहे. आज टपालात पडले तर दहा तारखेच्या आत पोचेल.

चौथ्या भिंतीवर ती चिठ्ठी ठेवू की काढू, असे तू विचारले आहेस. आईने ती फोनच्या वरून एकदाही हलवू दिली नव्हती. मीही हलव असे म्हणणार नाही.

उद्घाटनाला येणार नाही. लोक माझ्याकडे कौतुकाने बघतील आणि मला ते सोसणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दारे उघडतात असे पुस्तिकेत आहे. बरोबर दहाला येईन. मला परिचारिकेची पाने मोठ्या अक्षरात लावली आहेत का तेही बघायचे आहे. किटल्यांकडे जाणार नाही. तू असलीस तर भेटू.

शेवटी तू विचारलेस की मी अजून रागावलेला आहे का. आहे. गेल्या महिन्याच्या मानाने बराच कमी. किती कमी ते नेमके सांगता येत नाही, आणि नेमके सांगता येत नाही ते मी एरवी कागदावर लिहीत नाही.

अनेक आशीर्वाद.

दादा